सीटवरचं प्लास्टिक
आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं अशा शर्यतीत उतरतोय, हे वायरमनने सासुरवाडीभर सांगून ठेवलं होतं. आता माघार नव्हती. शर्यतीची नवी सायकल स्कूटरपेक्षा महाग निघाली, म्हणून तो बायकोला घेऊन निवृत्त मास्तरांची जुनी बघायला गेला. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं. “मास्तर, ही चालवलीच नाहीत?” “सायकलपर्यंत पोचलोच नाही. आधी पोहावं लागतं ना.” “म्हणजे नवीच की.” “माझ्याआधीच्या मालकाचंही तेच झालं.” “अहो, तुम्हाला तरी येतं का पोहता?” बायकोने विचारलं. वायरमन मन लावून ब्रेक तपासू लागला. दुसऱ्या दिवशी बायकोच्या आग्रहाने वायरमन आणि मास्तर पोहण्याच्या तलावात काठ धरून उभे होते. बायको वर सायकल सांभाळत होती. “जो आधी पलीकडे पोचेल, सायकल त्याची,” ती म्हणाली. “मास्तर, आधी तुम्ही,” वायरमन म्हणाला. काठ मात्र कुणी सोडेना.