हातचा घास

नव्या देशात भाषेची बोंब, मग नोकरी कोण देणार? म्हणून ती वृद्धाश्रमात फुकट मदतीला जायला लागली. तिथल्या एक हट्टी आजी तिच्याशिवाय कुणाच्याच हातून जेवेनात, तेव्हा व्यवस्थापकांनी तिला पगारावरच ठेवून घेतलं.

घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची आबाळ होऊ लागली. त्यांना भरवायला तिच्यासारखीच एक नवखी बाई फुकट मदतीला यायला लागली. तरी आपलं माणूस परक्याच्या हवाली केलं, हे तिच्या मनाला खात राहिलं.

सुट्टीच्या दिवशी ती ताट घेऊन सासूबाईंच्या उशाशी बसली. "आई, आज मी भरवते."


"राहू दे गं, दमली असशील. ती येईलच एवढ्यात."