बुजलेली चीर

जुन्या पुलातून कापून आणलेला तो पोलादाचा तुकडा आठवडाभर प्रयोगशाळेतल्या यंत्रात ताणला जात होता. त्याला पडलेली चीर बाई रोज भिंगाखाली मोजायच्या. शनिवारी ती सात मिलिमीटर होती. सोमवारी ती दिसेचना.

"मिस्त्री, तुकडा बदललात का?"

"नाही हो बाई. शनिवारी यंत्र बंद केलं, तेव्हापासून हात लावलेला नाही."

तुकड्यावरचा नंबर तोच होता. बाई डोळे चुरचुरेपर्यंत बघत राहिल्या. वीस वर्षं त्यांनी धातू तुटतानाच पाहिला होता. आपला आपण सांधलेला कधीच नाही.

"तुटला नाही, बरंच झालं की," म्हणत मिस्त्री खुर्चीत टेकले आणि पाणी प्यायला त्यांनी मान वर केली.

खिडकीतल्या उन्हात बाईंना त्यांच्या कानाखाली केसाएवढी बारीक काळी रेघ दिसली. रक्त नव्हतं. बाईंनी मोजपट्टी लावली. सात मिलिमीटर.

"दुखतंय का इथे?"

"छे. नुसतं दमल्यासारखं वाटतंय, कालपासून."

मिस्त्रींनी आणखी एक घोट घेतला. पट्टीखालची रेघ आठवर गेली.