अक्रोडाला जामीन

जंगलखात्याकडून आलेल्या आयचुरोकने अक्रोडाच्या बुंध्याभोवती बारीक खिळे टोचले, प्रत्येकाला वायर जोडली आणि छोट्या हातोडीने एकेका खिळ्यावर टकटक सुरू केली.

"पोरी, दुखत नाही ना त्याला?" सायराकान आजीने विचारलं.

"मुंगी चावल्याइतकंही नाही. चांगल्या लाकडातून आवाज धावत जातो, कुजलेल्यातून रखडतो. आत बुरशी असली तर न कापता कळतं."

आजी निर्धास्त होती. यंदा अक्रोड इतके लगडले होते की फांद्या छपराला टेकल्या होत्या. जंगलखात्याला दुसरी कामं नाहीत, असं तिचं मत होतं.

आयचुरोकने वायरी जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावर खोडाचं चित्र दाखवलं. कडेला तपकिरी पट्टी, आत सगळं जांभळं.

"जांभळं म्हणजे कुजलंय, आजी. बुरशी इथून शिरली असणार." तिने गुडघ्याच्या उंचीवरच्या जुन्या व्रणावर बोट ठेवलं. "कुणी कुऱ्हाड मारली होती?"

आजीचा नवरा ओरोझाली चहा पीत बसला होता. तो वाटीतच बघत राहिला.

पूर्वी हे झाड तीन वर्षं वांझ राहिलं होतं. मग गावात सगळे करतात तेच त्या दोघांनी केलं. तो कुऱ्हाड घेऊन ओरडत आला, "तोडतोच आता याला!" तिने त्याचा हात धरला आणि झाडाला ऐकू जाईल असं म्हणाली, "नका तोडू. पुढच्या वर्षी देईल. मी जामीन राहते." मग भीती घालायला कुऱ्हाडीच्या तुंब्याने, पात्याच्या मागच्या बोथट बाजूने, हलकेच ठोकायचं असतं. ओरोझालीने पातं मारलं होतं.

"म्हटलं, जरा चांगलं घाबरू दे," तो आता पुटपुटला. पुढच्याच वर्षी पोती भरून अक्रोड निघाले होते, आणि त्या घावाची फुशारकी तो वर्षानुवर्षं मारत आला होता.

"काहीतरी औषध असेल ना गं?" आजीने विचारलं.

"नाही, आजी. बर्फ पडायच्या आत तोडावं लागेल. नाहीतर घरावर येईल."

 आजीने वर लगडलेल्या फांद्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याजवळ जाऊन दोन्ही हातांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"नका तोडू," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी देईल. मी जामीन राहते."

ओरोझालीच्या हातात नुसती चहाची वाटी होती. चहा सांडत राहिला, पण त्याने हात सोडवून घेतला नाही.