सासूबाईंची मुरड

नाताळच्या करंज्या करताना सुगंधाबाईंच्या सासूबाई सुनेची प्रत्येक करंजी उकलत आणि स्वतःच्या हाताने पुन्हा मुरड घालत. जळगावच्या त्या स्वयंपाकघरात सुगंधाबाईंची एकही करंजी कधी तशीच तळली गेली नाही. हा जाच आपल्या सुनेच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवले होते.

सासूबाईंना जाऊन आता वीस वर्षे झाली. यंदा लग्नानंतर पहिल्यांदाच सून ग्रेस सणाला आली. तिच्या वेड्यावाकड्या करंज्या सुगंधाबाईंनी कौतुकाने ओल्या फडक्याखाली झाकल्या.

फोनवर बोलून आलेल्या ग्रेसने फडके उचलले. सगळ्या करंज्यांना बारीक, घट्ट मुरड होती.

"आई, आवडल्या नव्हत्या तर तोंडावर सांगायचं. माझी पाठ फिरल्यावर कशाला उकलल्या?"

"मी हातही नाही गं लावला."

"मग काय मांजराने मुरड घातली? पुढच्या नाताळला आमची वाट बघू नका."

ग्रेस बॅग भरायला गेली. सुगंधाबाईंनी एक करंजी लाटली, मुद्दाम सैल मुरडली आणि फडक्याखाली सरकवली.

फडक्याखाली, त्या करंजीच्या कडेकडेने, चिमटीएवढा उंचवटा हळूहळू पुढे सरकू लागला.