ड्रायरचा पट्टा

कपडे वाळवायचे जुनेपुराणे ड्रायर जमवायचा नवऱ्याला भारी नाद. गॅरेज त्यांनी गच्च भरलं होतं. एकेक ड्रम तो हलक्या हातानं पुसायचा. बायकोवर मात्र तोच हात उठायला निमित्तही लागत नसे. असं काही सुरू झालं की सासूबाई आपल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या.

त्या दुपारी तिनं त्याच्या लाडक्या ड्रायरमध्ये ओली रजई कोंबली आणि आतला पट्टा फाटकन तुटला.

"याचा पट्टा आता कुठे मिळतो का, भवाने?" तिचे केस धरून त्यानं तिचं कपाळ ड्रायरच्या पत्र्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं, तिला दिसेनासं झालं. तेवढ्यात केसांवरची पकड सुटली आणि तोच गुरासारखा ओरडत खाली कोसळला.

मागे सासूबाई उभ्या होत्या, हातात लोखंडी पाना घेऊन. त्याचा खांदा मोडून लोंबत होता.

"आई, अहो, पोटचा मुलगा आहे तुमचा!"

सासूबाईंनी पाना खाली ठेवला आणि रुमालानं तिचं कपाळ घट्ट दाबून धरलं.



"याच्या बापावर तेव्हाच हात उचलायला हवा होता गं मी."