आखूड निरोप

तनुजा औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत इंजिनियर होती. शेतातला ओलावा मोजणारी, सेलवर चालणारी यंत्रं निरोप कोणत्या वाटेनं पुढं धाडायचा हे एकमेकांना सारखं सांगत राहतात आणि त्या बोलण्यातच त्यांचे सेल संपतात. ते बोलणं आखूड करणं हे तिचं काम. चाचणीच्या ऐन गडबडीत पाचोडहून तिच्या वडिलांचा, तात्यांचा, रोजचा फोन आला. जेवलीस का, तुझी आई बरी हाय, मोसंबीला पाणी दिलं.

"तात्या, रोज तेच ते काय सांगता?" ती वैतागली. "माझी यंत्रंसुद्धा शेजाऱ्याला ठाऊक असलेलं पुन्हा सांगत नाहीत. काही बदललं तरच बोलतात."

"व्हय? लई हुशार हायेत की," तात्या कौतुकानं हसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन बंद झाला. तनुजाला हायसंच वाटलं. दहा दिवसांनी चाचणी झकास पार पडली, ऑफिसात पेढे वाटले गेले आणि त्याच दुपारी चुलत्यांनी तिला तातडीनं बोलावून घेतलं. ती पोचली तेव्हा तात्यांना ओसरीवर ठेवलं होतं.

"आठवडाभर छातीत दुखत होतं त्यांच्या," आई म्हणाली.

"मग मला कमून नाही सांगितलं गं?"

आईनं पदर डोळ्यांना लावला. "मी रोज म्हणायची, पोरीला फोन लावा. तर म्हणायचे, हाय तेवढंच दुखतंय, वाढलं म्हंजे लावतो."