टॉलेमी आणि आम्ही

बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांच्या दारासमोर बसून मायरा एकेका टॉलेमीवर लाल फुली मारत होती. ज्यांना घरच्यांनीच मारलं, त्यांना फुली. बऱ्याच झाल्या होत्या.

हाफ टर्मची सुट्टी होती आणि अकरा वर्षांच्या लेकीला घरी एकटं ठेवायचं नाही, म्हणून देवयानी आणि अपूर्व तिला बरोबर घेऊन आले होते. सुट्टीचा होमवर्कही बरोबर आला होता. मोठ्या कागदावर एका राजघराण्याचा फॅमिली ट्री काढायचा आणि त्याखाली स्वतःच्या घराचा. मायराने प्राचीन इजिप्तवर राज्य करणारे टॉलेमी राजे निवडले होते.

देवयानीला पाचवा महिना होता. आठवड्यापूर्वीच्या स्कॅनमध्ये बाळाच्या हृदयात काहीतरी वेगळं दिसलं होतं, म्हणून आज मोठ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट. बाळ हललं की तिला भीती वाटे, नाही हललं की जास्त वाटे. आठ दिवस ती अशीच श्वास रोखून होती.

"आई, हे लोक इजिप्शियन नव्हतेच," मायरा म्हणाली. "ग्रीक होते. बाहेरून आले आणि किंग झाले. मग बाहेर लग्नच नाही केला. ब्रदर-सिस्टर लग्न करायचे. थ्री हंड्रेड इयर्स." तिने कागद आईकडे सरकवला. "बघ ना, यांचा लाइन्स वर जाते आणि परत एकाच बॉक्सला येते."

देवयानीने बघितल्यासारखं केलं.

"आपल्या पण येते," मायरा म्हणाली.

तिचं बोट खालच्या झाडावर होतं. एका बाजूला बाबाची आई, लीलावतीआजी. दुसऱ्या बाजूला आईचे वडील, कमलाकरआजोबा. दोघांच्याही रेघा वर एकाच चौकोनात शिरत होत्या. रविवारी व्हिडिओ कॉलवर लीलावतीबाईंनी नातीला सगळी नावं हौसेने सांगितली होती. कमलाकर माझा पाठचा भाऊ, त्याचीच लेक मी सून म्हणून घरात आणली, हेही सांगितलं होतं. खाली मायराच्या शेजारी पेन्सिलीने काढलेला एक रिकामा चौकोन होता, बाळासाठी.

अपूर्वने कागद ओढून घेतला. टॉलेमींची सख्ख्या भावा-बहिणींची लग्नं, आपल्याकडे मामाची मुलगी करतात, त्यात काय एवढं, असं तो हसत हसत म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने सुचवलं की आजीचा चौकोन जरा लांब काढ, वरची रेघ खोडून टाक. एवढं कोण बघतंय.

"मिस म्हणाली, आवडलं नाही तरी ट्री बदलायची नाही," मायरा म्हणाली आणि कागद परत घेतला.

या बाळाच्या वेळी पहिल्याच भेटीत नर्सने देवयानीला आणि अपूर्वला विचारलं होतं, तुम्ही दोघं रक्ताच्या नात्यातले आहात का. दोघांनीही एका सुरात नाही म्हटलं होतं. मायराच्या वेळीही तेच. तेव्हा त्यांना ते खोटं वाटलंच नव्हतं. गोत्र वेगळं, मग रक्ताचं नातं कुठलं? लग्नाआधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी हेच तर पाहिलं होतं.

पण गोत्र वेगळं असलं तरी हे रक्ताचंच नातं, हे या आठ दिवसांत दोघांनाही कळून चुकलं होतं. अपूर्वच्या फोनवर त्याने काय शोधलं ते तिने पाहिलं होतं, आणि तिने पाहिलं हे त्याने पाहिलं होतं. आज गाडीत तो एवढंच म्हणाला होता की जे लिहिलंय ते राहू दे, आता बदललं तर सगळं आपल्यावर येईल. तिनेही ते राहू दिलं होतं. आपल्यामुळे झालं असेल, या विचाराचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

नाव पुकारलं गेलं. तिघंही आत गेले. मायरा कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर कागद घेऊन बसली.

डॉक्टर मध्यमवयीन, शांत बाई होत्या. त्यांनी स्क्रीनवरची जुनी नोंद वाचली आणि म्हणाल्या, "तुम्ही नात्यातले नाही असं इथे लिहिलंय. पुन्हा विचारते, कारण पुढे बाळासाठी काय शोधायचं ते यावरून ठरतं. हे बरोबर आहे ना?"

"हो, बरोबर आहे," अपूर्व लगेच म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचं वाचायला घेतलं.

देवयानी उठली, कोपऱ्यात गेली, मायराच्या मांडीवरून कागद उचलला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. मायरा पेन हातात धरून तिच्या मागोमाग आली.

डॉक्टरांनी कागद जवळ ओढला. वर एक झाड, लाल फुल्यांनी भरलेलं. खाली दुसरं, लहान. नावं त्यांना वाचता येत होती, पण त्यांना त्या नावांची गरज नव्हती. दोन्हीकडे रेघा वर जाऊन एकाच चौकोनात परत येत होत्या.

"यातलं तुमचं कोणतं?" त्यांनी हळूच विचारलं.

मायरा खाली वाकून कागद नीट सरळ करू लागली. लाल पेनाचं टोक त्या पेन्सिलीच्या चौकोनावर आलं.

अपूर्वने ते पेन तिच्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

"खालचं," तो म्हणाला.